२००३ची एक बातमी शोधतोय. आपल्या मराठी वाहिन्या हात बदलत गेल्या, त्यांचं जुनं चित्रीकरण कुणाकडे गेलं?

माणदेशी

मंडळी, नमस्कार. धागा थोडा मोठा होणार आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती.

२००३च्या उन्हाळ्यात आमच्या सांगोला तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या. पावसानं दगा दिलेला, विहिरी कोरड्या, दावणीची जनावरं छावणीत आणि त्यांच्यामागं घरातलं एक माणूस मुक्कामाला. आमच्या घरचे आप्पा होते, म्हणजे माझे वडील. एका सकाळी एका मराठी वाहिनीची माणसं कॅमेरा घेऊन आली. आप्पांना त्यांनी विचारलं, ऊस किती मिळतो, पाणी किती वाजता येतं. आप्पा बोलले. संध्याकाळच्या बातम्यांत दिसले. वीस-पंचवीस सेकंद असतील. मागं आमचा खिलारी खोंड उभा होता आणि आप्पा बोलता बोलता त्याच्या वशिंडावर हात फिरवत होते. मी तेव्हा अकरावीत होतो. अख्खी आळी किराणा दुकानातल्या टीव्हीसमोर जमली होती.

आप्पा गेल्या वर्षी वारले. फोटो आहेत, पण त्यांचा आवाज आमच्याकडं कुठंच नाही. फोनवर रेकॉर्ड करून ठेवावा हे कुणालाच सुचलं नाही. म्हणून ती बातमी हवी आहे.

अडचण अशी की वाहिनी कोणती, यावर घरात एकमत नाही. आई म्हणते अल्फा. थोरला भाऊ म्हणतो ई टीव्ही. चुलते म्हणतात सह्याद्रीच, दुसरं काय दिसत होतं आपल्यात. मग मी तिन्ही वाटा शोधायला लागलो आणि त्यातून जे कळलं ते इथं मांडतो, कारण हा विषय एकट्या आमच्या घराचा नाही.

सह्याद्रीचं सोपं आहे. दूरदर्शन तेव्हाही सरकारी, आजही सरकारी. कुणाचं दार वाजवायचं हे तरी ठाऊक आहे.

अल्फा टीव्ही मराठी १५ ऑगस्ट १९९९ला सुरू झाली. झी समूहानं मराठी, बांगला, पंजाबी, गुजराती अशा वाहिन्या ‘अल्फा’ नावानं काढल्या आणि २००५मध्ये त्या सगळ्यांना ‘झी’ नाव दिलं. पाटी बदलली, घर तेच राहिलं.

ई टीव्हीची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. हैदराबादच्या रामोजी रावांनी १९९५मध्ये तेलुगू वाहिनी काढली. मग २००० सालापासून दोन-तीन वर्षांत मराठी, बांगला, कन्नड, उर्दू, गुजराती, उडिया आणि हिंदी पट्ट्यातल्या राज्यांसाठी वेगवेगळ्या वाहिन्या. एकाच आवारातून, रामोजी फिल्म सिटीतून, इतक्या भाषा आकाशात जायच्या. ई टीव्ही मराठी जुलै २०००मधली. तिच्यावर मालिका होत्या तशाच बातम्याही होत्या, आणि त्या बातम्यांत तालुक्याचं नाव यायचं. सांगोला, आटपाडी, जत, माण. मुंबईत मंत्रालयासमोर उभं राहून ‘राज्यात दुष्काळ’ असं कुणी सांगणं वेगळं आणि आमच्या छावणीत येऊन विचारणं वेगळं.

पुढं जानेवारी २०१२मध्ये जाहीर झालं की टीव्ही१८ ही कंपनी ई टीव्हीच्या वाहिन्या घेणार. व्यवहार पुरा झाला जानेवारी २०१४मध्ये, २,०५३ कोटींना. बातम्यांच्या वाहिन्या पूर्ण, मराठी, कन्नड, बांगला, गुजराती आणि उडिया या मनोरंजन वाहिन्यांतला निम्मा वाटा, तेलुगूतला २४.५ टक्के. तेलुगू वाहिनी रामोजींच्याच घरात राहिली. आपली मराठी मार्च २०१५मध्ये ‘कलर्स मराठी’ झाली. कन्नड, बांगला, गुजराती, उडिया या बहिणींनाही तेच आडनाव मिळालं. उत्तरेकडच्या बातम्यांच्या वाहिन्या पुढं ‘न्यूज१८’ झाल्या. आणि नोव्हेंबर २०२४मध्ये कलर्सवाली व्हायकॉम१८ आणि स्टार वाहिन्यांची डिस्ने स्टार एकत्र येऊन जिओस्टार उभी राहिली. म्हणजे २००८ पासून ज्या स्टार प्रवाहशी चुरस चालू होती, तिच्या मालकाचं आणि कलर्सच्या मालकाचं एकच घर झालं.

पंचवीस वर्षांत इतक्या सह्या झाल्या. प्रत्येक सहीबरोबर नाव, बोधचिन्ह, मालिकांचे हक्क इकडून तिकडं गेले असणार. पण २००३च्या एका संध्याकाळच्या बातमीची टेप कुठल्या कपाटात गेली? ती कुणाची मालमत्ता आहे? मनोरंजन वाहिनीबरोबर गेली, जुन्या मालकाकडं राहिली, की कुणी मोजलीच नाही?

ज्यांनी या क्षेत्रात काम केलं आहे त्यांनी कृपया लिहा. आणि वाहिनी कोणती हे ओळखायला मदत झाली तरी मोठे उपकार होतील.

---

अँटेना

माणदेशी, वाचून गलबलून आलं. मी १९९६ पासून केबलचा धंदा करतो, तुमच्या शेजारच्या तालुक्यात. वाहिनी ओळखायला मी मदत करू शकेन असं वाटतं.

२००३मध्ये खेड्यातल्या केबलवाल्याकडं पन्नास-साठ चॅनल नव्हते. एक चॅनल दाखवायचा तर एक रिसिव्हर आणि एक मॉड्युलेटर लागायचा. दोन्ही विकत घ्यायचे. त्यामुळं लहान गावात आठ-दहा चॅनल, फार तर पंधरा. दूरदर्शनचे दोन आणि एक प्रादेशिक, हे तीन प्राइम बँडवर, म्हणजे कुठल्याही टीव्हीला पकडेल अशा खालच्या पट्ट्यात, द्यायचेच, २००० सालापासून कायद्यात तसं होतं. म्हणजे सह्याद्री होतीच. राहिलेल्यात क्रिकेट, हिंदी सिनेमा, एक-दोन मराठी.

आता टीव्हीचा प्रश्न. जुन्या बटणाच्या संचाला एस बँड, हायपर बँड पकडत नव्हता. वरच्या बँडवरचा चॅनल असेल तर नुसत्या मुंग्या दिसायच्या. म्हणून प्रत्येक कंपनीला आपला चॅनल खालच्या बँडवर हवा असायचा. आज रिमोटवर तीन आकडी नंबर दाबता, तेव्हा जागेला खरी किंमत होती.

तर सांगा: दुकानातला टीव्ही कोणता होता, आणि बायका तिथं कोणती मालिका बघायला यायच्या?

---

माणदेशी

अँटेनाकाका, १४ इंची रंगीत होता, रिमोटवाला. आईला आत्ताच विचारलं. ती म्हणाली, ‘चार दिवस सासूचे’ बघायला जायचो की. आणि बातम्याही त्याच चॅनलवर लागायच्या, दुकानदार चॅनल बदलायचा नाही, कारण बदलला की परत लावताना चित्र हलायचं.

---

अँटेना

मग आईंनी नाव चुकवलं आणि मालिका बरोबर सांगितली. ती मालिका ई टीव्हीची, २००१ला सुरू झालेली. तुमच्या भावाचं बरोबर आहे. मी खात्रीनं सांगतो असं नाही, पण मला पैज लावायची असती तर ई टीव्हीवर लावली असती.

आणखी एक. त्या काळी आम्ही पुष्कळ जण लोकल चॅनल चालवायचो. गावची जत्रा, कुस्त्या, लग्नं. आपल्या भागाची बातमी सॅटेलाइटवर आली की व्हीसीआरवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी लोकलवर परत दाखवायचो, कारण दिवसभर शेतात असलेल्यांनी ती पाहिलेली नसायची. तुमच्या भागातल्या जुन्या ऑपरेटरचा शोध घेतो.

---

कॉपी_डेस्क

मी त्या काळात एका मराठी वाहिनीच्या बातम्यांच्या डेस्कवर होते. माझ्या वाहिनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगते आहे ते तेव्हा बहुतेक सगळीकडं होतं.

जिल्ह्याचा प्रतिनिधी टेप एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. विभागीय कार्यालयातला मुलगा स्टँडवर जाऊन ती उतरवून घ्यायचा. टेपच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलेली पट्टी: तारीख, तालुका, ‘छावणी, बाईट ३, जनावरे शॉट्स’. आम्ही बाईट, म्हणजे माणसाचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, ऐकून कागदावर उतरवायचो. लोकांची बोली तशीच ठेवायची की प्रमाण करायची यावर डेस्कवर रोज वाद व्हायचा. मी ठेवायच्या बाजूची होते.

बातमी गेली की ती टेप कपाटात जायची आणि काही आठवड्यांनी परत बाहेर यायची, नवं चित्रीकरण करायला. टेप महाग होत्या. निवडक गोष्टी मास्टर टेपवर उतरवून ठेवत: मोठ्या सभा, पूर, भूकंप, नेत्यांच्या मुलाखती. छावणीतल्या शेतकऱ्याचा बाईट त्यात बसेलच असं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे. किती माणसांचे शब्द मी स्वतः उतरवले आणि त्यावर दुसरं काही रेकॉर्ड झालेलं पाहिलं.

नियमाचं म्हणाल तर वाहिनीनं प्रसारित मजकूर ९० दिवस जपून ठेवायचा, इतकंच परवान्याच्या अटींत असतं. ते तक्रार आली तर तपासायला. पुढं ठेवायचा की पुसायचा हे मालकाच्या मर्जीवर.

वर्तमानपत्राचं तसं नाही, हे लक्षात घ्या. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाला पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते, आणि १९५६ पासून नियतकालिकांनाही ते लागू आहे. आप्पांचा फोटो त्या दिवशी एखाद्या दैनिकात आला असता तर आज तो शोधता आला असता. ते टीव्हीवर बोलले म्हणून हरवले.

---

वर्धेकर

मालकी बदलते ती नेहमी विक्रीमुळंच असं नाही. स्टार माझाचं एबीपी माझा कसं झालं ते आठवा. बातम्यांच्या वाहिनीत परदेशी भांडवल २६ टक्क्यांच्या वर नको, असा नियम २००३मध्ये आला. म्हणून स्टारनं आनंद बाजार पत्रिकेच्या समूहाबरोबर कंपनी केली, ७४ टक्के त्यांचे, २६ स्टारचे. मराठी वाहिनी २००७ला त्याच घरात जन्मली. २०१२मध्ये स्टारनं आपलं नाव काढून घेतलं आणि १ जूनपासून ‘स्टार’च्या जागी ‘एबीपी’ आलं. ‘माझा’ राहिलं, माणसं राहिली, स्टुडिओ राहिला. आमच्याकडं वडीलधारी माणसं अजून स्टार माझाच म्हणतात.

तिकडं आयबीएन लोकमत २००८ची, तीही पुढं न्यूज१८ लोकमत झाली. ‘लोकमत’ राहिलं, पुढचं आडनाव बदललं.

मला यात एक गोष्ट दिसते. ज्या वाहिन्या बातम्यांच्याच होत्या, त्यांचं नाव बदललं तरी बातमी चालू राहिली. ई टीव्ही मराठी मिश्र वाहिनी होती. कलर्स मराठी मनोरंजनाची. मग बातम्यांच्या भागाला नव्या घरात खोलीच उरली नाही. माणदेशींच्या आप्पांची बातमी नेमकी या फटीत पडली असावी.

---

सांजवात

माणदेशी, तुमच्या शोधाला मनापासून शुभेच्छा. पण वर जो सूर लागतो आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. मोठ्या घरात गेल्यानं मराठी वाहिनीचं नुकसानच झालं, असं नाही.

आमच्या आईला ‘कोण होईल मराठी करोडपती’नं किती आनंद दिला! २०१३मध्ये ई टीव्हीवर सचिन खेडेकर समोर बसून मराठीत प्रश्न विचारायचे. टाटा, अंबानी, अमिताभ यांच्या दुनियेतला तो खेळ आपल्या भाषेत आला. त्याला पैसा लागतो. बिग बॉस मराठी २०१८ला कलर्स मराठीवर आलं, कुणाला आवडो न आवडो, त्यातून किती तंत्रज्ञांना काम मिळालं. जुन्या ई टीव्हीला हे झेपलं असतं का?

आणि कार्यक्रमसुद्धा घरं बदलतात. करोडपती पुढं सोनी मराठीवर गेलं, ‘कोण होणार करोडपती’ म्हणून. २०१९ला नागराज मंजुळे, मग पुन्हा खेडेकर. आम्ही मागोमाग गेलो. प्रेक्षकाचं नातं माणसाशी आणि भाषेशी असतं, बोधचिन्हाशी नसतं.

---

माणदेशी

सांजवातताई, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी मालिका किंवा कार्यक्रमांबद्दल तक्रार करत नाही. आमची आईही कलर्स बघते. खेडेकरांचा जुना भाग आज कुणाला हवा असेल तर तो कुठंतरी मिळेल, कारण त्याला बाजारात किंमत आहे, त्याचा हक्क कागदावर कुणीतरी विकला आणि कुणीतरी विकत घेतला आहे. छावणीतल्या माणसाच्या वीस सेकंदांना किंमत नाही, म्हणून ती कुठल्याच यादीत नाहीत. माझं दुखणं एवढंच आहे. व्यवहार होताना मालिका मोजल्या गेल्या, आमचे तालुके मोजले गेले नाहीत.

---

अवंतिका_बडोदा

बडोद्याहून. आमच्या घरात दोन्ही कलर्स, गुजराती आणि मराठी. दोन्ही ई टीव्हीच्याच लेकी, आणि मला दोन्हीची जुनी नावं तोंडात बसलेली.

इथं मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण केबलच्या मूळ संचात गुजराती, हिंदी येतं. फेब्रुवारी २०१९ला ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धत आली, १३० रुपये अधिक कर आणि वर हवे ते चॅनल, तेव्हा आमच्याकडच्या मराठी वाहिन्या एका रात्रीत बंद झाल्या. सासूबाई सकाळी पेटीवर थापट्या मारत होत्या. पंधरा दिवस खेटे घालून प्रत्येक वाहिनीचं नाव लिहून दिलं, तेव्हा आल्या. त्या वेळी कळलं की कोणती वाहिनी कुणाच्या गठ्ठ्यात आहे यावर आपण काय बघणार ते ठरतं. मराठी म्हणून वेगळा गठ्ठा मागितला तर तो कुणाकडंच नव्हता. याचे चार, त्याचे तीन, असं जोडून घ्यावं लागलं.

---

नॅशव्हिलकर

मी अमेरिकेत टेनेसीत राहतो. आमच्या गावातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात टीव्ही बातम्यांचं संग्रहालय आहे. ऑगस्ट १९६८ पासून तिथं राष्ट्रीय वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्या रोज रेकॉर्ड करून ठेवल्या जातात. वाहिन्या स्वतः नीट ठेवत नाहीत असं लक्षात आलं म्हणून विद्यापीठानं ते काम अंगावर घेतलं. कुठली वाहिनी कुणी विकत घेतली याचा त्या संग्रहावर परिणाम होत नाही.

फ्रान्समध्ये तर १९९२च्या कायद्यानं रेडिओ-टीव्हीचा मजकूर जमा करणं बंधनकारक केलं, पुस्तकासारखंच. तिथं इना नावाची संस्था ते सांभाळते.

आपल्याकडं पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. सिनेमासाठी ते सुचलं आणि झालं. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागानं आजपासून फक्त मराठी बातम्यांचं एक बुलेटिन रोज साठवायला घेतलं तरी चालेल. एक संगणक, एक सेट टॉप बॉक्स, दोन विद्यार्थी. २००३ परत येणार नाही, पण आजचं तरी राहील.

---

कॉपी_डेस्क

नॅशव्हिलकर, हे खरंच करण्यासारखं आहे. मी निवृत्त आहे, वेळ आहे. कुणी विभाग तयार असेल तर नोंदी कशा करायच्या ते शिकवायला येईन. तारीख, तालुका, बोलणाऱ्याचं नाव, विषय. पट्टीवर तीच चार गोष्टी लिहायचो आम्ही.

---

अँटेना

माणदेशी, निरोप आहे. आटपाडीच्या बाजूला एक जुने ऑपरेटर आहेत, धंदा २०१६च्या आसपास बंद केला. डिजिटलसाठी पेट्या घ्यायला भांडवल नव्हतं, मोठ्या कंट्रोल रूमला लाइन जोडून दिली आणि बाजूला झाले. त्यांनी लोकल चॅनलच्या व्हीएचएस कॅसेट टाकल्या नाहीत. माळ्यावर तीन खोकी आहेत. एका खोक्यावर खडूनं ‘दुष्काळ’ लिहिलं आहे, असं फोनवर म्हणाले. त्यात काय आहे त्यांनाही आठवत नाही. त्या वर्षी त्यांनी छावणीच्या बातम्या रेकॉर्ड करून लोकलवर लावल्या होत्या, एवढं पक्कं आहे.

तुमच्या गावापासून पंचवीस-तीस किलोमीटर. पत्ता तुम्हाला व्यक्तिगत निरोपात दिला आहे.

---

माणदेशी

काका, काय लिहू. हात थरथरताहेत. रविवारी सकाळी जातो. भाऊ पण येतोय.

---

कॉपी_डेस्क

एक काळजी घ्या. वीस वर्षं माळ्यावर असलेल्या कॅसेटला बुरशी आलेली असते. खिडकीतून पाहिलं तर रिळावर पांढरट ठिपके दिसतील. ती तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका, फीत चिकटून तुटते आणि हेडही खराब होतं. ‘दुष्काळ’चं अख्खं खोकं कापडी पिशवीत घालून आणा, उन्हात ठेवू नका, प्लास्टिकमध्ये बांधू नका. पुण्यात फीत साफ करून डिजिटल करून देणारे एक गृहस्थ माझ्या माहितीचे आहेत, त्यांच्याशी आजच बोलते.

आणि बाकीची दोन खोकीही मागून घ्या. त्यात दुसऱ्या कुणाचे आप्पा असतील.

---

माणदेशी

रविवारी जाऊन आलो. तिन्ही खोकी दिली त्यांनी, पैसे घेतले नाहीत. एकूण ६४ कॅसेट. ‘दुष्काळ’मध्ये अकरा आहेत, सहांवर पांढरे ठिपके. एकीच्या पाठीवर लिहिलंय: ‘मे २००३, ई टीव्ही, सांगोला छावणी’.

लावलेली नाही. आईनं ती हातात धरून बघितली आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. गुरुवारी पुण्याला घेऊन येतो, ताई. रेल्वेनं येईन, एसटीत गरम होतं.